पाणथळीच्या बांधावर बांबूंना बारीक जाळी: मासेमारीची की पक्ष्यांसाठी? दिसल्यावर नेमकं काय करायचं?

पामबीच_पदपथ

नमस्कार मंडळी. सीवूड्स-नेरुळच्या मागे कांदळवनाला लागून ज्या पाणथळी आहेत, त्यातल्या एका बांधाच्या कडेने बांबू रोवलेले दिसताहेत. जोडी-जोडीने, माणसाच्या दुप्पट उंचीचे. तिन्हीसांजेनंतर त्यांच्यामध्ये बारीक काळ्या धाग्याची जाळी असते, उजाडल्यावर जाळी गायब, बांबू तसेच. खालच्या चिखलात पिसं आणि तंगुसाची (नायलॉनच्या पारदर्शक धाग्याची) टोकं पडलेली आहेत.

ही मासेमारीची जाळी नाही हे खात्रीने कसं ओळखायचं? आपण काढून टाकली तर चालेल का? तक्रार कुणाकडे करायची? कारण जागा सिडकोची, कांदळवन वन खात्याचं आणि रस्ता महापालिकेचा, त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. पक्षी अडकलेला दिसला तर हात लावायचा की नाही? आणि शेवटचं: सोसायटीच्या ग्रुपवर लोक म्हणतात, खाडीवर हजारोंनी पक्षी येतात, चार-दोन टिलवे (चिखलात टिपणारे छोटे पक्षी) गेले तर काय बिघडलं. याला नुसतं भावनेचं नाही, मुद्द्याचं उत्तर हवं आहे.

उधाणभरती

बारीक काळा धागा, अंधारात लावणं, उजाडायच्या आत काढणं आणि बांबू जागेवर ठेवणं, हे सगळं एकत्र असेल तर ती जाळी पक्ष्यांसाठीच आहे. अशा जाळीच्या आडव्या दोऱ्या ताठ असतात आणि मधलं विणकाम ढिलं सोडलेलं असतं, म्हणून प्रत्येक दोरीखाली झोळी लोंबते. पक्षी आदळून त्या झोळीत पडतो आणि धडपडेल तसा जास्त गुंततो. समोरून पाहिलं तर दहा पावलांवरूनही जाळी दिसत नाही. बाजूला सरकून, आकाशाचा उजेड पलीकडे ठेवून पाहा, आडव्या रेघा दिसतील.

जाळी नसतानाही खुणा राहतात. उथळ पाण्याच्या काठाला एका ओळीत खोचलेल्या वीतभर काड्या आणि प्रत्येकीला तंगुसाचं सैल वेटोळं असेल तर ते फासे आहेत. रात्री एकाच जागेवरून, एकाच पक्ष्याची तीच साद ठरावीक अंतराने वाजत राहिली तर तो पक्षी नसून स्पीकर आहे. बांधावर कुणी चारा टाकत नाही अशा ठिकाणी धान्य पसरलेलं, त्यात जांभळट दाणे, आणि जवळ वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकदम मेलेले किंवा आचके देत असतील तर तो विषाचा प्रकार आहे, बहुतेक कार्बोफ्युरान. याला उघड्या हाताने अजिबात शिवू नका, कुत्र्याला जवळ जाऊ देऊ नका. हे कीटकनाशक माणसाच्या मज्जासंस्थेवरही तसंच काम करतं, आणि तो पक्षी खाणारी घार किंवा कोल्हाही मरतो.

आता वेळेबद्दल, कारण या सगळ्याची किल्ली भरतीत आहे. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो, तेव्हा टिलवे, गॉडविट, शेकाटे, रोहित (फ्लेमिंगो) असे सगळे पक्षी मैलोगणती पसरून खात असतात. तेव्हा त्यांना धरणं अवघड. भरती आली की चिखल बुडतो आणि त्यांना विसाव्याला उंच, उथळ, मोकळी जागा लागते: जुनी मिठागरं, नेरुळचा डीपीएस तलाव, चाणक्यजवळची पाणथळ, उरणची पाणजे. भांगाच्या (कमी चढणाऱ्या) भरतीला चिखलाची काही पट्टी उघडीच राहते, पण उधाणाला सगळं बुडतं आणि हजारो पक्षी मोजक्या जागांवर दाटीने येऊन बसतात. कुठे येणार हे ठरलेलं, कधी येणार हेही ठरलेलं.

किनाऱ्यावरचा जुना हिशोब सगळ्यांना ठाऊक आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, अमावस्येला सव्वाअकरा ते बारा. म्हणजे अमावस्येच्या आसपास मध्यरात्री उधाणाची भरती आणि वर काळोख, दोन्ही एकाच वेळी. पौर्णिमेलाही उधाण असतं, पण चांदण्यात जाळी पक्ष्याला दिसते. तेव्हा लक्ष ठेवायचं असेल तर महिनाभर रोज फेऱ्या मारण्यात अर्थ नाही. अमावस्येच्या दोन दिवस आधीपासून तीन-चार दिवस नंतरपर्यंत, भरतीच्या दोन तास आधी आणि एक तास नंतर, एवढी खिडकी धरा. ठाण्याच्या बाजूला खाडीच्या वरच्या टोकाला पाणी मुंबई बंदरापेक्षा थोडं उशिरा चढतं, ते धरून चला.

हंगामही पाहा. चिखलपक्षी ऑगस्टअखेरपासून उतरतात, थापट्या, तलवार बदक, भुवई बदक ऑक्टोबर-नोव्हेंबरात, रोहित साधारण नोव्हेंबर-डिसेंबरापासून मेपर्यंत. जाळीही त्याच क्रमाने हलते: आधी बांधावर, मग बदकांसाठी गोड्या पाण्याच्या तलावांकडे.

कोळीवाडा_दिवाळे

वरचं सगळं बरोबर, पण एक भर घालतो, कारण अशा धाग्यांनंतर दोन दिवसांनी कुणीतरी येऊन कोळणीच्या वाळत घातलेल्या जाळ्याचे फोटो काढून टाकतं.

मासळीचं जाळं पाण्यात काम करतं. डोल किंवा बोक्षी ओढ्याच्या तोंडाशी, पाण्याच्या धारेत, तोंड उघडं ठेवून बांधलेली असते, तिचा आकार लांबट पिशवीचा. पाग हाताने फेकायचा. भरतीचं पाणी जिथवर चढतं ती रेघ बांधावर आणि कांदळाच्या खोडावर चिखलाने उमटलेली असते. जाळ्याची खालची कड त्या रेघेच्या वर असेल तर त्यात मासा येणार कुठून? ही एक कसोटी पुरेशी आहे. वाळत घातलेलं जाळं वलांडीवर (सुकवायच्या बांबूंवर) नाहीतर जेट्टीवर, दुमडून, जाड दोऱ्याचं, वासाचं असतं, पाणथळीच्या मधोमध एकटं कधीच नसतं.

दुसरं असं की सगळीच मरणं मुद्दाम लावलेल्या फाशांची नाहीत. जिताडा-कोळंबीच्या तळ्यांवर पाणकावळे, बगळे येऊ नयेत म्हणून वरून तंगूस ताणतात. ताण असेपर्यंत ठीक, पण उन्हाने आणि वाऱ्याने तो ढिला पडला की शेकाट्याचा पाय नाहीतर बगळ्याचा पंख त्यात गुंडाळतो आणि पक्षी तिथेच उलटा लटकून मरतो. तळंवाल्यांना सांगायचं ते इतकंच: तंगूस काढून त्याऐवजी जाडसर पांढरी दोरी वापरा, पक्ष्याला लांबून दिसते. जाळंच घालायचं असेल तर बोट आत जाणार नाही इतक्या बारीक आसाचं (भोकांचं), पांढरं, चौकटीवर ताठ बसवलेलं घाला आणि रोज सकाळी एक फेरी मारून ढिलं पडलेलं आवळा. तळं रिकामं केल्यावर जाळं काढून ठेवा, कारण सोडून दिलेलं जाळं पुढे वर्षानुवर्षं धरत राहतं. कांदळाच्या मुळांत अडकलेले तंगुसाचे तुकडे तर आमच्याच पायात येतात.

आणि कुठल्या जातीचा, कुठल्या पाड्याचा माणूस हे करतो, यावर इथे चर्चा नको. फासेपारधी असो की आणखी कुणी, नावं घेऊन जाळं सापडत नाही. खाडीत रात्री होडी कुणाची फिरते हे कोळीवाड्याला आधी कळतं. संशयाने बोलाल तर कुणी सांगणार नाही.

पंचनामा

तक्रार आणि कायदा यावर लिहितो, कारण बहुतेक प्रकरणं इथेच ढासळतात.

जागा कुणाची हा प्रश्न शिकारीच्या गुन्ह्यात गौण आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चं कलम ९ वन्य प्राण्यावर आहे, जमिनीवर नाही. सिडकोचा भूखंड असो, खासगी मिठागर असो की सोसायटीची गच्ची, शिकार ती शिकारच. आणि कलम २(१६) मधल्या शिकारीच्या व्याख्येत नुसतं मारणं येत नाही: पकडणं, फासे लावणं, आमिष टाकणं, विष घालणं, अंडी-घरट्यांची नासधूस, आणि यातल्या प्रत्येकाचा प्रयत्नही येतो. म्हणजे जाळ्यात पक्षी सापडलेला नसला तरी जाळं लावणं हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर (अंमल १ एप्रिल २०२३ पासून) आपल्याकडचे जवळपास सगळे वन्य पक्षी अनुसूची १ किंवा २ मध्ये (कायद्यातल्या संरक्षित प्राण्यांच्या याद्यांत) आहेत.

जागा महत्त्वाची ठरते ती शिक्षेसाठी. सर्वसाधारण शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण गुन्हा अनुसूची १ मधल्या प्राण्याचा असेल, किंवा शिकार अभयारण्याच्या आत झाली असेल, तर कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, आणि किमान २५,००० रुपये दंड. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, साधारण १,६९० हेक्टर, ऐरोली पूल ते वाशी पूल या पट्ट्यात, पाणी आणि पश्चिम काठाची कांदळवनं. त्या रेघेच्या आत एक साधा टिलवा धरला तरी किमान तीन वर्षं लागू शकतात. नेरुळ, सीवूड्स, पाणजे रेघेच्या बाहेर आहेत. २०२२ मध्ये रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या) गेलेलं क्षेत्र सहा हजार हेक्टरांहून मोठं आहे, पण रामसर दर्जा म्हणजे अभयारण्य नव्हे, शिक्षा वाढते ती अभयारण्याच्या अधिसूचित हद्दीने. म्हणून फोटोतले अक्षांश-रेखांश हा तुमच्या तक्रारीतला सगळ्यांत मोलाचा भाग.

जाळं स्वतः काढू नका. का, ते नीट समजून घ्या. तुम्ही काढलंत की ते कुठे लावलं होतं, किती उंचीवर, कोणत्या अवस्थेत, याचा पुरावा संपतो. वर ते तुमच्या हातात सापडतं. शिवाय लावणारा दुसऱ्या रात्री नवं आणतो, धाग्याची किंमत त्याला जड नाही. त्याला जागेवर पकडणं किंवा निदान पंचनामा होणं, यानेच काही बदलतं. अपवाद एकच, जिवंत पक्षी अडकलेला असेल तर. त्यावर खाली कुणीतरी लिहीलच.

करायचं ते असं. लांबून एक फोटो, ज्यात ओळखीची खूण येईल: विजेच्या मनोऱ्याचा क्रमांक, पुलाचा खांब, इमारत. मग जवळून, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून. मग एक सलग व्हिडिओ, मध्ये न थांबवता, बांबूपासून बांबूपर्यंत. फोनचं लोकेशन आधीच सुरू ठेवा. मूळ फाइल व्हॉट्सॲपने पाठवू नका, त्यात ती दाबली जाते आणि आतली तारीख-ठिकाणाची नोंद निघून जाते. ईमेलने किंवा ड्राइव्हच्या दुव्याने द्या, आणि मूळ फोनमधून पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि ते देताना मूळ उपकरण कुठलं हे सांगावं लागतं.

फोन: वन विभागाची हेल्पलाइन १९२६, आणि माणसं जागेवर असतील तर ११२ सुद्धा. कलम ५० खाली झडती, जप्ती आणि अटक वन अधिकारी करू शकतो तसा उपनिरीक्षक किंवा त्यावरचा पोलीस अधिकारीही. ‘हे आमचं काम नाही’ असं उत्तर पोलीस ठाण्यात मिळालं तर शांतपणे हे कलम दाखवा. लेखी तक्रार त्याच दिवशी करा: कांदळवन असेल तर कांदळवन कक्षाच्या वनक्षेत्रपालांना, इतर जागेसाठी ठाणे वन विभागाच्या उपवनसंरक्षकांना, उरणसाठी अलिबागला. तिन्हींना एकच ईमेल गेला तरी हरकत नाही, उलट बरं. प्राथमिक गुन्हा रिपोर्ट (वन विभागाची गुन्ह्याची पहिली नोंद) झाला का, त्याचा क्रमांक काय, हे विचारा.

आता प्रकरणं का पडतात. पहिलं कारण, पंचनाम्यात ‘बदके’ किंवा ‘पक्षी’ एवढंच लिहिलेलं असतं. बचाव पक्ष म्हणतो, ती पाळीव बदकं होती. जातीचं नाव, शास्त्रीय नावासह, आणि कशावरून ओळखलं ते लिहिलं गेलं पाहिजे. इथे जाणकार पक्षीनिरीक्षकाने वनक्षेत्रपालांना लेखी ओळख करून देणं ही खरी मदत आहे. सोललेलं मांस असेल तर पाय, चोच, पंखांची पिसं शेजारच्या कचऱ्यात शोधा. तेही नसेल तर डीएनएसाठी नमुना राखावा लागतो, आणि तो नमुना कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला याची साखळी कागदावर हवी. दुसरं कारण, कलम ५५. या कायद्याखाली न्यायालय दखल घेतं ती अधिकृत अधिकाऱ्याच्या फिर्यादीवरून. नुसतं पोलिसांचं दोषारोपपत्र गेलं आणि वन विभागाची फिर्याद नसली की आरोपीचा वकील तिथेच बोट ठेवतो. म्हणून पोलिसांत नोंद झाली तरी वन विभागाचा पाठपुरावा सोडू नका. तिसरं, जिवंत पक्षी. त्यांना मुद्देमालाच्या खोलीत ठेवता येत नाही. फोटो आणि मोजमापासह पंचनामा करून दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीने सोडायला हवेत. नाहीतर पिंजऱ्यातच मरतात.

विकत घेणाराही गुन्हेगार आहे, हे आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर ठळक लिहा. थंडीत ‘खाडीचं बदक मिळेल का’ असं विचारणारे ग्राहक आहेत म्हणून जाळी लागतात. ताब्यात वन्य पक्षी किंवा मांस सापडलं की कलम ५७ प्रमाणे तो ताबा बेकायदा धरला जातो, कायदेशीर असल्याचं त्यानेच सिद्ध करायचं.

पाणपक्षी_ठाणे

अडकलेल्या जिवंत पक्ष्याबद्दल.

आधी १९२६ ला फोन, मग फोटो, मग हात. माणूस लगेच येत असेल तर थांबा. पण ऊन चढतंय, पक्षी उलटा लटकलाय, पाणी वर येतंय, अशा वेळी थांबणं म्हणजे त्याला मरू देणं. हातमोजे आणि मास्क घाला. चोचीचा किंवा पंखाचा फटका बसू नये म्हणून चष्मा असला तर उत्तम, बगळा सरळ डोळ्याकडे चोच मारतो.

डोक्यावर हलकं सुती कापड टाका. अंधार झाला की पक्षी शांत होतो. एका हाताने अंग पंखांसकट सैलसर धरा, छाती दाबू नका. पक्ष्यांना आपल्यासारखा छाती-पोटामधला पडदा (श्वासपटल) नसतो, छाती हलली नाही तर श्वासच बंद होतो. तो जाळीत कुठल्या बाजूने शिरला ते पाहा, त्याच बाजूने काढायचा. आधी पाय, मग पंख, डोकं शेवटी. गुंता सुटत नसेल तर बोथट टोकाच्या कात्रीने लागतील तेवढेच धागे कापा आणि कापलेला तुकडा पाकिटात ठेवून वन कर्मचाऱ्याला द्या. तंगुसाचं एकही वेटोळं पायावर राहता कामा नये. बाहेरून दिसत नाही, पण आत रुतलेला धागा रक्त अडवतो आणि थोड्या दिवसांत पाय काळा पडून गळतो.

लांब पायांच्या पक्ष्यांत सर्वांत मोठा धोका जखमेचा नाही, स्नायूंचा. शेकाट्या, गॉडविट, रोहित यांना पकडून धरलं, पाठलाग केला, गरमीत कोंडलं की पायांचे स्नायू आतून मोडतात. त्याला कॅप्चर मायोपथी म्हणतात. सुटल्यावर पक्षी ठीक वाटतो, आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्यावर बसतो, उभा राहूच शकत नाही. यावर खात्रीचा इलाज नाही, त्यामुळे टाळणं हाच उपाय: कमीत कमी हाताळणी, सावली, शांतता, आणि पक्षी चपळ असेल, रक्त नसेल, दोन्ही पंख सारखे उघडत असतील तर लवकरात लवकर त्याच पाणथळीत, जाळीपासून दूर, थव्याच्या दिशेला जमिनीवर ठेवून सोडणं. हवेत फेकायचा नाही. रात्री सोडताना टॉर्च त्याच्या डोळ्यांवर नको.

ठेवावाच लागला तर पुठ्ठ्याचं खोकं, बाजूंना भोकं, तळाशी टॉवेल. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात. एका खोक्यात एकच. रोहितासारख्याचे पाय दुमडून तासन्‌तास ठेवू नका, उंच खोकं घ्या आणि टॉवेलच्या गुंडाळीने अंगाला खालून आधार द्या. चोचीत पाणी ओतू नका. जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड असतं, पाणी थेट फुप्फुसात जातं आणि पक्षी तुमच्या हातात मरतो. दूध, पाव, भात काही नको. सगळ्यांत जास्त पक्षी मरतात ते या ‘जरा पाणी पाजू’ मुळेच.

चिकट लाशाने (पक्षी चिकटवून धरायच्या डिंकाने) माखलेला पक्षी असेल तर रॉकेल, पेट्रोल, थिनर वापरू नका. चिकटपणा वाढू नये म्हणून त्यावर मक्याचं पीठ भुरभुरा, पंख अंगाला आणि एकमेकांना चिकटणार नाहीत असं कापड मध्ये ठेवा, आणि पशुवैद्याकडे द्या. खाद्यतेल, मग सौम्य साबण, कोमट पाणी हा क्रम त्यांनी करायचा. धुतलेल्या पिसांचा जलरोधकपणा परत येईपर्यंत पक्षी सोडता येत नाही, पाण्यात बुडून गारठतो.

पायात धातूचं कडं दिसलं तर नंबर पूर्ण वाचून फोटो काढा. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या कड्यांवर त्यांचं नाव आणि क्रमांक कोरलेला असतो. रंगीत प्लॅस्टिकची पट्टी असेल तर रंग, वर-खाली क्रम, डावा-उजवा पाय आणि अक्षरं लिहा. मेलेल्या पक्ष्याचं कडंही कळवायचं, पण काढून घ्यायचं नाही, तो पुरावा आहे.

एकाच जागी बरेच मेलेले दिसले तर गोळा करू नका. विष असू शकतं, बर्ड फ्लूही असू शकतो. वन विभागासोबत पशुसंवर्धन खात्याला कळवा. आणि कायद्याचं एक: पक्षी तुमच्या ताब्यात आला की तो शासनाची मालमत्ता असतो, कलम ३९ प्रमाणे ४८ तासांत कळवणं बंधनकारक आहे. वाचवणाऱ्यालाही. घरी ‘बरा होईपर्यंत’ ठेवू नका.

उधाणभरती

‘चार-दोन टिलव्यांनी काय बिघडतं’ याचं उत्तर.

चिमणी-मुनियांसारखे पक्षी वर्षात अनेकदा वीण करतात, लवकर मरतात, त्यांची तूट भरते. चिखलपक्ष्यांचं गणित उलटं आहे. उत्तरेकडच्या टुंड्रात उन्हाळा काही आठवड्यांचा, त्यात एकदाच चार अंडी, त्यातली बरीचशी कोल्हा-गल (समुद्रपक्षी) फस्त करतात. रोहित तर एकच अंडं घालतो, तेही कच्छच्या रणात पाणी नीट साचलं त्या वर्षी, आणि वीण सुरू करायलाच काही वर्षं जातात. या जाती टिकतात ते मोठा पक्षी अनेक वर्षं जगतो म्हणून. जाळीत जातो तो नेमका हा मोठा पक्षी.

समजण्यापुरता हिशोब करू, ही मोजणी नव्हे. हजार पक्ष्यांतले वर्षाला दीडशे नैसर्गिकरीत्या मरतात आणि दीडशे नवे येतात, संख्या स्थिर. आता जाळीने दर शंभरातले पाच जास्तीचे नेले. पाच टक्के ऐकायला किरकोळ, पण दरवर्षी पाच टक्के घटत गेलं की चौदा वर्षांत संख्या निम्म्याखाली. आणि ही घट खाडीवर दिसत नाही, कारण आजूबाजूच्या पाणथळी बुजल्या की उरलेले पक्षी उरलेल्या जागेवर गोळा होतात. तुमच्या ग्रुपला थवा तेवढाच दाट दिसतो, किंबहुना जास्त दाट. पाणजे, डीपीएस तलाव इथे भरतीच्या पाण्याची वाट अडल्याच्या तक्रारी का महत्त्वाच्या, ते यातून कळेल: विसाव्याच्या जागा कमी झाल्या की जाळी लावणाऱ्याचं काम सोपं होतं. पाण्याची वाट मोकळी ठेवणं हा शिकार रोखण्याचाच भाग आहे.

मार्च ते मे मधली जाळी सगळ्यांत घातक. तोवर अशक्त पक्षी हिवाळ्यात गळालेले असतात, उरलेले सगळे धडधाकट, चरबी साठवून निघण्याच्या तयारीत. तिथे धरलेला प्रत्येक पक्षी म्हणजे त्या वर्षीची एक वीण गेली. जे सुटतात तेही रात्रभर हुसकावले गेल्याने वजन घालवतात आणि उशिरा निघतात.

बाहेरची उदाहरणं ठोस आहेत. पिवळ्या छातीचा बंटिंग फिनलंडपासून जपानपर्यंत वीण करणारा अतिसामान्य पक्षी होता. चीनमध्ये स्थलांतराच्या वाटेवर खाण्यासाठी जाळ्यांत धरला गेला, आणि १९८० ते २०१३ मध्ये त्याची संख्या ८४ ते ९५ टक्के घटली. २०१७ मध्ये तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. चमच्या चोचीच्या सँडपायपरचं तर म्यानमारच्या मार्तबान आखातातल्या जाळ्यांनी कंबरडं मोडलं. त्याची पिल्लं पहिला उन्हाळा उत्तरेला परतत नाहीत, हिवाळी चिखलावरच राहतात, म्हणजे वर्षभर जाळीच्या तोंडी. आपल्या खाडीवर दिसणारा कर्ल्यू सँडपायपर २०२४ मध्ये ‘असुरक्षित’ गटात गेला. ‘हजारोंनी येतात’ हे वाक्य बंटिंगबद्दलही म्हटलं जात होतं.

आणि हे थांबवता येतं. नागालँडच्या दोयांग जलाशयावर २०१२ मध्ये अमूर ससाणे लाखाच्या वर मारले गेल्याचा अंदाज होता, तेही साध्या मासेमारीच्या जाळ्या विसाव्याच्या झाडांजवळ उंच टांगून. गावांच्या सभा, चर्च, वन विभाग यांनी मिळून ठरवलं आणि २०१३ च्या हंगामात तिथे शिकार झाली नाही. तेच ससाणे पुढे महाराष्ट्रावरून उडत अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातात. चिलिकाकाठच्या मंगलाजोडीत शिकार करणारेच पक्षी दाखवणारे झाले. दोन्हीकडे काम झालं ते जागेवरच्या माणसांना सोबत घेऊन, दिवाळेकरांनी वर जे लिहिलंय तेच.

पामबीच_पदपथ

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रुपवर टाकायला मुद्दे मिळाले. दोन शंका: रात्री आम्ही सोसायटीचे लोक मिळून जाऊन बसलो तर? आणि तक्रारीवर काहीच झालं नाही तर पुढे काय?

पंचनामा

रात्री बांधावर उतरू नका. उधाणाला बांध बुडतो, चिखल कंबरेइतका खोल, समोरच्याकडे कोयता असू शकतो. तुमच्या टॉर्चमुळे थवा उठून थेट जाळीत जातो, ते वेगळंच. रस्त्यावरून किंवा गच्चीवरून दिवे, होडी, दुचाकीचे क्रमांक, वेळ टिपा आणि फोन करा. वन विभागाला आधीच पुढच्या अमावस्येच्या तारखा आणि भरतीच्या वेळा लिहून द्या, गस्त त्यांना त्यानुसार लावता येते. आणि जागा समाजमाध्यमांवर टाकू नका, बंदोबस्ताच्या आधी जाळी हलते.

काहीच झालं नाही तर कलम ५५ मध्ये नागरिकाला थेट न्यायालयात फिर्याद करण्याची सोय आहे. कथित गुन्हा आणि फिर्याद करण्याचा इरादा यांची किमान ६० दिवसांची नोटीस केंद्र सरकार, राज्य सरकार किंवा अधिकृत अधिकाऱ्याला ठरलेल्या पद्धतीने द्यावी लागते. पोचपावतीसह पाठवा, सोबत आधीच्या ईमेलच्या प्रती आणि फोटोंची यादी जोडा. बहुतेक वेळा नोटीस पोचल्यावर जागेवर पाहणी होते. त्या पाहणीला स्वतः हजर राहा आणि पंचनाम्यात पक्ष्यांची नावं लिहिली गेली का, ते वाचूनच सही करा.